सरावातून कारक कौशल्यांचे अध्यापन

धावणे, उडी मारणे, चेंडू फेकणे-झेलणे, तोल सांभाळणे अशा हालचाली, म्हणजेच कारक कौशल्ये, शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या तासाला नियोजनपूर्वक करवून घेऊन विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडण्याची पद्धत. नुसते वय वाढल्याने या हालचाली परिपक्व होत नाहीत. मैदानावर मोकळी सोडलेली मुले खेळतात खरी, पण ज्याला झेल घेता येतो त्याच्याच वाट्याला चेंडू येतो आणि ज्याला सरावाची खरी गरज असते तो कडेला उभा राहतो.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. सुरुवातीला मूल मनात पायऱ्या घोकत हालचाल करते. चुका मोठ्या आणि दर वेळी वेगळ्या असतात. मधल्या टप्प्यात त्या कमी होतात आणि आपले काय चुकले हे त्याचे त्यालाच जाणवू लागते. शेवटी हालचाल आपोआप घडते आणि लक्ष खेळाकडे द्यायला मोकळे होते. शाळेच्या मोजक्या तासांत सगळ्यांनी तिसरा टप्पा गाठावा ही अपेक्षा अवास्तव आहे. अभ्यासक्रम मात्र पुष्कळदा तीच धरून आखलेले असतात.

खांद्यावरून चेंडू फेकण्याचे उदाहरण घेऊ. नवशिके मूल समोर तोंड करून उभे राहते, पाय हलवत नाही किंवा फेकत्या हाताच्याच बाजूचा पाय पुढे टाकते. कंबर वळत नाही, त्यामुळे सगळे काम एकट्या हातावर येते. अशा मुलाला ‘नीट फेक’ म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावा खांदा भिंतीकडे करून उभे करावे, डाव्या पायापुढे खडूने खूण करावी आणि त्या खुणेवर पाय टाकत चेंडू जोरात भिंतीवर मारायला सांगावे. जोर लावायचा म्हटले की धड वळू लागते. लहानशा लक्ष्यावर नेम धरायला सांगितला की मूल पुन्हा आखडते. म्हणून आधी जोर, नेम नंतर.

हालचाल सलग शिकवावी की तुकड्यांनी, हे तिच्या स्वरूपावर ठरते. फेकण्यासारखी वेगवान हालचाल तोडली तर लय जाते. कसरतींची मालिका मात्र सुटी शिकवून जोडता येते.

सरावाची रचना हा या विषयातला सर्वांत रंजक भाग. रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांच्या १९७८ च्या प्रयोगात ८ वर्षांच्या मुलांच्या एका गटाने छोट्या पिशव्या ३ फुटांवरच्या लक्ष्यावर टाकण्याचा सराव केला, दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवरच्या. चाचणी ३ फुटांवर झाली आणि सरस ठरला तो दुसरा गट, त्या अंतराचा सराव न केलेला! १९८६ मध्ये सिना गुड आणि रिचर्ड मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस सरमिसळ करून शिकणाऱ्यांची तुलना एकेक सर्व्हिस घोटणाऱ्यांशी केली. नंतरच्या चाचणीत सरमिसळवाले पुढे होते. यावरून पहिल्या दिवसापासून सगळे मिसळून टाकणे मात्र बरे नव्हे. प्रत्यक्ष वर्गांत, विशेषतः लहान मुलांबाबत, सरमिसळीचे निष्कर्ष इतके एकसारखे आलेले नाहीत. हालचालीचा ढोबळ आकार जमेपर्यंत एकच प्रकार घोटू द्यावा आणि मग अंतर, दिशा, चेंडूचा आकार बदलत जावे, हा मध्यममार्ग व्यवहारात चालतो.

प्रत्याभरण, म्हणजे केलेल्या प्रयत्नाविषयी शिक्षकाने दिलेली माहिती, नेमके आणि एका वेळी एकाच गोष्टीपुरते असावे. प्रत्येक फेकीनंतर सूचना दिली तर मूल शिक्षकाच्या तोंडाकडे पाहू लागते आणि स्वतःच्या शरीराकडून येणारी जाणीव दुर्लक्षित राहते.

या सगळ्यावर पाणी फिरवते ती रांग. ३० मुले, १ चेंडू आणि प्रत्येकाला १० सेकंद असा हिशेब धरला तर पुढची पाळी ५ मिनिटांनी येते. अर्ध्या तासात एका मुलाच्या वाट्याला ६ फेकी. जोड्या करून प्रत्येक जोडीला चेंडू दिला, चेंडू कमी असतील तर कागदाचे बोळे किंवा कापडी गोळे दिले, तर तेवढ्याच वेळात फेकी कितीतरी पटींनी वाढतात. गोंगाटही वाढतो, पण तो चालवून घ्यावा.

मूल्यमापन सरावाच्याच तासाला केले तर फसगत होते. त्या वेळी दिसणारी सफाई तात्पुरती असू शकते. आठवड्याने, उजळणी न करता, थोड्या बदललेल्या अंतरावरून तीच कृती करायला सांगावी. चेंडू कुठे लागला याबरोबर पाय कोणता पुढे होता आणि धड वळले का, याचीही नोंद ठेवावी.