चित्रपटातील व्यापारचिन्हांचा वापर

चित्रपटाच्या दृश्यात किंवा संवादात एखाद्या कंपनीचे नाव, वस्तू वा लोगो येणे आणि त्यासाठी घेतली जाणारी परवानगी, म्हणजे चित्रपट व्यवसायातली ‘एनओसी’ (ना हरकत पत्र), असा हा विषय आहे. प्रत्येक लोगोसाठी अशी परवानगी लागतेच, असा समज आहे.

खरे तर भारतातील व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) अधिनियम, १९९९ प्रत्येक लोगोसाठी परवानगी मागत नाही. कलम २९ नुसार उल्लंघन ठरते ते व्यापाराच्या ओघात केलेल्या वापराने. नायिकेच्या टेबलावर पडलेला बिस्किटांचा पुडा एवढ्याने त्यात बसत नाही. लोगोच्या चित्रावर कॉपीराइट असतो, पण प्रताधिकार (म्हणजेच कॉपीराइट) अधिनियम, १९५७ चे कलम ५२ पार्श्वभूमीला किंवा ओघाने आलेल्या कलाकृतीला चित्रपटात मोकळीक देते.

वाद होतात ते वस्तू कशी दाखवली यावरून. आणि नुसत्या दाखवण्यावरून नव्हे, बोलण्यावरूनही. शब्दांच्या रूपातल्या व्यापारचिन्हाचा तोंडी वापरही उल्लंघन ठरू शकतो, असे कलम २९ मध्येच म्हटले आहे. ‘ये जवानी है दीवानी’ (२०१३) मधल्या एका संवादात रूह अफझा सरबताला नावे ठेवली होती. ते सरबत बनवणारी हमदर्द कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ‘जेलर’ (२०२३) मध्ये स्त्रीबद्दल घाणेरडे बोलणाऱ्या भाडोत्री गुंडाच्या अंगात रॉयल चॅलेंजर्स बंगळूरची जर्सी होती. तिथे निर्मात्यांनी जर्सीचे रूप बदलण्याचे मान्य केले आणि १ सप्टेंबर २०२३ पासून चित्रपटगृहांत मूळ दृश्य दाखवू नये, असा न्यायालयाचा आदेश झाला. ‘दबंग’ (२०१०) च्या गाण्यातल्या झंडू बामवरून मात्र नोटिशीनंतर तडजोड झाली आणि त्या गाण्यात नाचलेली मलायका अरोराच बामच्या जाहिरातीत आली.

इमारतीचेही व्यापारचिन्ह होऊ शकते. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या वास्तूची नोंदणी २०१७ साली झाली. गेटवेच्या दृश्यात मागे ताज दिसणे वेगळे आणि त्याचे चित्र मालाच्या वेष्टनावर छापणे वेगळे.

तंबाखूच्या बाबतीत एनओसीचा उपयोगच नाही. कंपनी राजी असली तरी सिगारेटच्या पाकिटावरचे नाव पडद्यावर दाखवण्यास नियमांची बंदी आहे.

कायद्यात एवढी मोकळीक असूनही सेटवर बाटलीचे लेबल सोलले जाते, लॅपटॉपच्या झाकणावर चिकटपट्टी लागते. कारण खटला जिंकण्याआधी प्रदर्शन अडते, आणि छोट्या मराठी निर्मात्याला प्रदर्शन आठवडाभर लांबणेही परवडत नाही. हे भय अन्यायकारक असले तरी खोटे नाही. म्हणून एनओसी घ्यायचीच तर ती नेमकी असावी: दृश्य कोणते, संवाद काय, चित्रपटगृह, टीव्ही, ओटीटी यांपैकी कोणकोणत्या माध्यमांसाठी आणि किती काळासाठी. प्रसंग संकलनात बदलला, सभ्य पात्राच्या हातातली वस्तू खलनायकाच्या हाती गेली, तर जुन्या पत्राचा आधार उरत नाही. नवे पत्र घ्यावे लागते.