‘योतोगी’चा अर्थ तेवढाच नाही

‘योतोगी’ या जपानी शब्दाचा अर्थ सर्रास ‘शय्यासोबत’ असा सांगितला जातो. तोही अर्थ आहे, पण तेवढाच धरला तर एका मायाळू शब्दावर अन्याय होतो. ‘यो’ म्हणजे रात्र. ‘तोगी’ म्हणजे कुणाला एकटं वाटू नये म्हणून दिलेली सोबत. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणं, कपाळावरची ओली घडी बदलत राहणं, हे योतोगी. अंत्यविधीआधी मयताजवळ जागणं, तेही योतोगीच. 16व्या शतकात जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या पदरी गप्पागोष्टी करायला खास माणसं असत, त्यांना ‘ओतोगीश्यू’ म्हणत. जपानी मुलांच्या परीकथा आजही ‘ओतोगीबानाशी’च. ‘तोगी’ लिहायचं चिनी अक्षर बौद्ध ग्रंथांत आपला ‘योग’ लिहितानाही येतं. तिथे मात्र केवळ उच्चारापुरतं.