गाडीतला कॉम्प्युटर, स्पीकरमधली शिट्टी आणि मायनसचा वाद

जेमतेम १७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड २००१ मध्ये आले आणि डिक्कीत किंवा सीटखाली मावेल असा कॉम्प्युटर हौशी माणसाच्या आवाक्यात आला. पुण्यात सामानाची अडचण नव्हतीच. वायर, लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी), फ्यूज तापकीर गल्लीत आणि गाडीचं सामान नाना पेठेत. अडचण होती ती सगळं जोडून गाणं लावल्यावर येणाऱ्या शिट्टीची. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो, सोडला की उतरतो.

ही शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची. त्यात तीन फेजचा एसी तयार होतो आणि डायोड त्याचा डीसी करतात, पण तो पूर्ण सपाट होत नाही. नेहमीच्या बारा पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) अल्टरनेटरमध्ये प्रत्येक फेऱ्याला ३६ लाटा उरतात. इंजिन हजार आरपीएमवर आणि पुलीमुळे अल्टरनेटर अडीचपट वेगाने फिरत असेल, तर सेकंदाला सुमारे १,५०० लाटा. नेमक्या कानाला टोचणाऱ्या पट्टीत. त्याआधीच्या डायनॅमोच्या काळात रेडिओत येणारी खरखर वेगळी होती. ती ब्रशच्या आणि स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची, आणि एखादा कंडेन्सर लावला की बरीचशी जायची. जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत तर बॉडीला बॅटरीचं प्लस जोडलेलं असे. मायनस बॉडीला जोडण्याची पद्धत सगळीकडे रुळली ती १९६० च्या दशकात.

पहिले जोडणारे इन्व्हर्टर वापरत. १२ व्होल्टचे २३० करायचे, ते घरच्याच एसएमपीएसला (कॉम्प्युटरच्या नेहमीच्या पॉवर सप्लायला) द्यायचे आणि त्याने पुन्हा १२, ५ आणि ३.३ करायचे. द्राविडी प्राणायामच, वर उष्णता आणि पंख्याची घरघर. पण एसएमपीएसमधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे कॉम्प्युटरचा मायनस गाडीच्या मायनसपासून सुटा राहायचा. अट एवढीच की कॅबिनेट बॉडीला स्क्रूने आवळलेलं नको आणि अर्थ पिनेतूनही जोड नको. पुढे ६ ते २४ व्होल्टवर चालणारे डीसी-डीसी सप्लाय आले. सेल्फ मारताना बॅटरी ६-७ व्होल्टपर्यंत खाली गेली तरी मशीन रिसेट होईना, चावी काढल्यावर विंडोज आपोआप बंद होऊ लागली. मात्र यांतले बहुतेक सप्लाय आयसोलेटेड, म्हणजे दोन्हीकडचा मायनस सुटा ठेवणारे, नव्हते. कॉम्प्युटरचा मायनस थेट गाडीचा मायनस झाला, आणि ऑडिओ केबलच्या शील्डमधून (सिग्नलच्या तारेभोवतीच्या जाळीतून) स्टिरिओच्या मायनसला त्याची दुसरी वाट मिळाली. अल्टरनेटरच्या लाटा त्या वाटेने गाण्यात मिसळू लागल्या. सप्लाय सुधारला आणि शिट्टी घरात आली, ती अशी.

मग वाद पेटला तो मायनस कुठे जोडायचा यावर. एक पक्ष म्हणे, थेट बॅटरीवर न्या. बॉडी म्हणजे पोलाद, त्याचा विद्युत्‌रोध तांब्याच्या कितीतरी पट. त्यात स्पॉट वेल्डिंगचे सांधे आणि रंग. दुसरा पक्ष म्हणे, डिक्कीतच रंग खरवडून आखूड वायरने बॉडीला आवळा, पोलादाचा रोध जास्त असला तरी बॉडीचा पत्रा भरपूर आहे. बॅटरीवाल्यांचं म्हणणं ऐकायला बिनतोड वाटतं. पण आकडेमोड करून पाहावी. १० स्क्वेअर एमएमची चार मीटर तांब्याची वायर म्हणजे सुमारे ०.००७ ओहम. त्यातून १० अँपिअर गेले की टोकांमध्ये ०.०७ व्होल्टचा फरक. साउंड कार्डचा सिग्नलच मुळात एक व्होल्टच्या आसपास. स्टिरिओ डॅशबोर्डमागे बॉडीला जोडलेला असेल, तर त्या फरकाचा बराचसा भाग शील्डवर पडतो आणि गाण्यात मिसळतो. कॉम्प्युटरचा करंट स्थिरही नसतो. हार्ड डिस्क फिरली, माऊस हलवला, तरी स्पीकरमध्ये किरकिर.

बॅटरीच्या वाटेत दुसरा धोकाही होता. इंजिनची अर्थ पट्टी सैल किंवा तुटलेली असली, तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परतीला मिळेल ती वाट धरतो. ती वाट बॅटरीपर्यंत नेलेल्या बारीक मायनस वायरची असली, तर वायर आणि ऑडिओ केबल दोन्ही जळतात. त्यामुळे थेट नेलेल्या मायनसलाही फ्यूज लावा असं काहीजण सांगत. तो फ्यूज उडाला की करंट शील्डमधून जातो, हे मात्र ते सांगत नसत.

कौल द्यायचाच तर तो बॉडीच्या बाजूने, आणि तोही अटीवर. कॉम्प्युटर, ॲम्प आणि स्टिरिओ, शक्य तितके एकाच बोल्टवर. सीटबेल्टचा बोल्ट नको. पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, लग आवळायचा, वरून ग्रीस. पुण्याच्या पावसाळ्यात डिक्कीच्या मॅटखाली ओल राहते. मे महिन्यात गप्प असलेली गाडी ऑगस्टमध्ये शिट्टी मारू लागली, तर आधी तो लग सोडून पाहावा. ऑडिओच्या ओळीत एकास-एक ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर लावणं सोपं, पण स्वस्तातला असेल तर बास खातो. ऑप्टिकल केबलमध्ये मायनसच नसतो. स्टिरिओला तसं इनपुट असेल तर हा सगळा वादच मिटतो.

नव्या गाड्यांनी वादाचा निकाल परस्पर लावला. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर आता अनेकदा करंट मोजणारा सेन्सर असतो. स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होणं) आणि मापून चालणारं चार्जिंग त्याच्याच भरवशावर. बीएस-६ च्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत तो सर्रास दिसतो. कॉम्प्युटरचा मायनस थेट बॅटरीच्या खुंट्यावर लावला, तर तो करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा हिशोब बिघडतो. अशा गाडीत वायर सेन्सरच्या पलीकडे, बॉडीवरच्या नेमून दिलेल्या अर्थ पॉइंटलाच हवी. डिक्कीतल्या कॉम्प्युटरची जागाही एव्हाना अँड्रॉइड स्क्रीनने घेतली आहे. तरी १२ व्होल्टच्या सॉकेटमधून फोन चार्जिंगला लावून तोच ऑक्स केबलने जोडला, की शिट्टी येते. चार्जर काढला की थांबते.