नर्व्हला जुना पत्ता सांगतं कोण?

सिनॅप्स, म्हणजे नर्व्ह जिथे दुसऱ्या पेशीला जोडली जाते तो जोड, हा शब्द १८९७ चा, शेरिंग्टन या शास्त्रज्ञाने आणलेला. पण वाढत येणाऱ्या नर्व्हला 'बाबा रे, इथेच थांब, पुढे जाऊ नकोस' हे कोण सांगतं, ते पुढे कित्येक वर्षं कोणाला सांगता येत नव्हतं.

१९४० च्या दशकात रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञाने बेडकांची ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी) कापून डोळा १८० अंशात फिरवला. नर्व्ह परत वाढली, दिसायलाही लागलं, पण किडा वर असला की बेडूक झेपावणार खाली, आणि हे कायमचं, सुधारणा शून्य. म्हणजे धागे आपापल्या जुन्याच पत्त्यावर गेले होते! पेशींवर केमिकल खुणा असतात असं त्याने १९६३ ला ठामपणे मांडलं, खुणा मात्र हातात एकही नव्हती.

मला सगळ्यात भारी वाटतो तो मॅकमहानच्या लॅबचा १९७८ चा प्रयोग. यातही बेडूकच, बिचारे. स्नायूच्या पेशी मारल्या, नर्व्ह तोडली, एक्स-रे देऊन स्नायू परत वाढणार नाही अशी सोय केली, मग उरलं काय तर पेशींभोवतीचं पातळ वेष्टन, बेसल लॅमिना, नुसती रिकामी खोळ. तरी नर्व्ह वाढत आली ती बरोब्बर जुन्या जागीच टेकली, समोर पेशी नसताना. पुढच्या वर्षी उलटं केलं, नर्व्ह येऊ न देता स्नायू वाढू दिला, तर रिसेप्टरही, म्हणजे नर्व्हचा संदेश पकडणारी स्नायूवरची प्रोटीन्स, जुन्याच जागी गोळा झाले. म्हणजे निरोप खोळीतच चिकटलेला.

तो शोधायला टॉर्पेडो मासा घेतला, कारण त्याच्या वीज बनवणाऱ्या अवयवात असले जोड खच्चून भरलेले असतात. त्यातून मिळालेलं प्रोटीन म्हणजे अ‍ॅग्रिन. १९९६ मध्ये अ‍ॅग्रिन नसलेल्या उंदरांत हे जोड धड बनेनात, ज्याच्यामार्फत अ‍ॅग्रिन स्नायूवर काम करतं तो मस्क नावाचा वेगळा रिसेप्टर काढला तरी तेच. झालं, केस क्लोज वाटली.

आणि २००१ ला घोळ झाला. नर्व्ह पोचलीच नाही अशा भ्रूणातही स्नायूच्या मधल्या पट्ट्यात रिसेप्टर आपापलेच जमलेले दिसले, त्याला मस्क लागतो पण अ‍ॅग्रिन नाही. मग अ‍ॅग्रिन करतं काय? नर्व्हमधून येणारं अ‍ॅसिटिलकोलीन (स्नायूला संदेश देणारं रसायन) रिसेप्टरचे ते पुंजके विस्कटतं आणि अ‍ॅग्रिन ते धरून ठेवतं, हे २००५ पर्यंत कळलं.

मेंदूतही तसंच. २००० मध्ये किडनीच्या पेशींवर न्यूरोलिजिन हे न्यूरॉनच्या जोडांवर असणारं प्रोटीन बसवलं तर शेजारचे न्यूरॉन त्यांच्याशीच जोड बांधायला लागले, पण २००६ मध्ये तीन प्रकारची न्यूरोलिजिन काढलेल्या उंदरांत सिनॅप्स जवळपास तितकेच बनले, फक्त नीट चालेनात आणि पिल्लं जन्मताच दगावली.