बांधकामपद्धतींचे शिक्षण (वास्तुकला, मराठवाडा)

बांधकामपद्धतींचे शिक्षण : पाया, भिंत, छत, जिना, दारे-खिडक्या हे इमारतीचे भाग कशाचे करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि एकमेकांना कसे जोडायचे, हे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला शिकवणारा विषय. वेळापत्रकात त्याचे नाव ‘बिल्डिंग कन्स्ट्रक्शन अँड मटेरियल्स’ किंवा तत्सम असते. मुलांच्या तोंडी तो ‘बीसी’. डिझाइन मानाचे आणि बीसी शीटा (मोठ्या कागदांवरची रेखाटने) काढण्यापुरते, अशी वाटणी पुष्कळ महाविद्यालयांत होऊन बसली आहे. मराठवाड्याला ही वाटणी परवडणारी नाही. फुगणारी काळी माती, कठीण काळा पाषाण, एक मोठा भूकंप आणि दर काही वर्षांनी पडणारी पाण्याची ओढ या सगळ्यांची गाठ इथे घर बांधताना पडते, आणि त्यांपैकी एकही गोष्ट नकाशाच्या देखणेपणाने सुटत नाही.

अभ्यासक्रमाची चौकट देशभर सारखीच आहे. वास्तुविशारद अधिनियम १९७२ खाली स्थापन झालेली वास्तुकला परिषद शिक्षणाची किमान मानके ठरवते. आधी १९८३ ची नियमावली होती, आता २०२० ची आहे. पदवी पाच वर्षांची, म्हणजे दहा सत्रांची. तपशिलाचा अभ्यासक्रम विद्यापीठे आखतात. बांधकामाचा विषय साधारणपणे पहिल्या सत्रापासून सुरू होतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत चालतो. आधी वीट, दगड, कमान, लिंटेल (दारा-खिडकीवरची आडवी तुळई), लाकडी दारे, मग आरसीसी (सळयांचे काँक्रीट), मग छताच्या लोखंडी कैच्या आणि खांबांमधली मोठी अंतरे, शेवटी प्रीकास्ट म्हणजे आधीच ओतून आणलेले भाग, काचेच्या दर्शनी भिंती वगैरे.

हा क्रम इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आला. डब्ल्यू. बी. मॅके यांची पुस्तके भारतातल्या वास्तुकलेच्या अनेक पिढ्यांनी समोर ठेवून शीटा काढल्या. पुस्तके उत्तम, रेखाटने तर फारच उत्तम. पण ती इंग्लंडच्या पावसाला आणि थंडीला धरून लिहिलेली. त्यामुळे जालना-परभणीकडचा विद्यार्थी किंग पोस्ट कैचीचा (मधोमध उभा दांडा असलेल्या उतरत्या छताच्या लाकडी सांगाड्याचा) सांधा डोळे मिटून काढतो, आणि आजोळच्या घराचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, कशावर तोललेले आहे हे मात्र त्याला सांगता येत नाही.

विटांचे काम शिकवण्याची बरी पद्धत म्हणजे कोरड्या विटा रचून भिंत उभी करणे. इंग्लिश बाँडमध्ये एक थर लांबीच्या विटांचा, एक थर आडव्या घातलेल्या हेडरांचा. हेडरच्या थरात कोपऱ्यावरच्या पहिल्या विटेनंतर क्वीन क्लोजर, म्हणजे लांबीने दुभागलेली वीट, बसवावी लागते. नाही बसवली तर वरखालच्या थरांचे उभे सांधे एकाच रेषेत येतात आणि भिंत तिथे चिरते. कागदावर हा क्लोजर म्हणजे एक रेघ. हातात थापी घेऊन भट्टीची वीट लांबीने फोडायला गेले की ती बहुधा तिरकीच फुटते. मग विद्यार्थी विचारतो, प्रत्यक्ष कामावर गवंडी काय करतो? तो पुष्कळदा क्लोजर टाळतो आणि सांध्यात मसाला कोंबून वेळ मारून नेतो. हे कळल्यावर शीटवरच्या त्या रेघेला अर्थ येतो. मापांचेही तसेच. भारतीय मानकातली मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिमीची, पण साइटवरचे बोलणे अजून ‘नऊ इंची’ आणि ‘साडेचार इंची’ भिंतीचेच असते, आणि दोन भट्ट्यांच्या विटा एका मापाच्या निघतील याची खात्री कोणी देत नाही. ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि लाइनदोरी ही चार साधने एकदा हाताळलेला विद्यार्थी पुढे साइटवर बुजत नाही, एवढा फायदा तर नक्की.

काळी आणि पांढरी

मराठवाड्यातल्या गावांनी घरे कुठे बांधायची हे फार पूर्वी ठरवून टाकले होते : काळीत पेरायचे, पांढरीत राहायचे. गावठाण पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर, शेते खाली काळ्या रानात. शहरे वाढली तशी ही वाटणी मोडली. कालपर्यंत जिथे कापूस किंवा ज्वारी होती तिथे एन.ए. (बिगरशेती) प्लॉट पडले आणि घरे थेट काळ्या मातीवर उभी राहू लागली. या मातीत माँटमोरिलोनाइट गटातली चिकणखनिजे असतात. पाणी मिळाले की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात. दरवर्षीच्या या वरखाली होण्याने जोते उचलले जाते, फरशी फुगते आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते.

हे शिकवण्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेतला एक साधा प्रयोग पुरतो. वाळवून चाळलेल्या काळ्या मातीचे सारखे दोन नमुने घ्यायचे. एक पाण्याने भरलेल्या मोजपात्रात, दुसरा रॉकेलच्या. दिवसभराने पाहिले तर रॉकेलमधली माती होती तेवढीच असते, पाण्यातली फुगून वर आलेली असते. दोन्हींच्या घनफळांतला फरक टक्क्यांत मांडला की मातीचा फुगवटा निर्देशांक मिळतो. हे डोळ्यांनी पाहिलेल्याला पाया मुरमापर्यंत का न्यायचा, जोत्याखालची काळी माती काढून मुरूम का भरायचा आणि घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी का करायची, हे वेगळे पटवावे लागत नाही. मुरूम फार खोल असेल तिथे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेला काँक्रीटचा खांब, वापरतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या पाइलला बुडाशी दांड्याच्या साधारण अडीचपट व्यासाचा फुगीर गोळा असतो. ऋतूंप्रमाणे ओलावा बदलणाऱ्या थराच्या खाली हा गोळा मातीत रुतून बसतो, म्हणून वरची माती फुगली तरी पाइल उचलला जात नाही. विद्यार्थी गोळा काढतात बरोबर. तो किती खोल असायला हवा हे लिहायला विसरतात, आणि खरे मर्म त्या खोलीतच आहे.

माळवद आणि किल्लारी

या प्रदेशाची मूळ बांधकामपद्धती म्हणजे माळवदाचे किंवा धाब्याचे घर. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेरून दगड-मातीच्या रुंद भिंती. मे महिन्याच्या उन्हात आतली हवा गार राहते ती या मातीमुळेच. गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकत राहायची, आणि जुनी उकरायचे कष्ट कोणी घेत नसे. असे करता करता थर फूट-दीड फुटाचा, कधी त्याहून जाड होई. वर्गात याचा हिशेब मांडावा. दीड फूट मातीचे वजन दर चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या घरात जाते. पाच इंची आरसीसी स्लॅबचे तीनशेच्या थोडे वर. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर स्लॅबच्या दुपटीहून जास्त भार.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. तीव्रता ६.२ च्या आसपास, केंद्र किल्लारीजवळ आणि उथळ. देशाच्या तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. माणसे दगावली ती मुख्यतः घरे अंगावर पडून. मृतांची संख्या दहा हजारांच्या जवळपास सांगितली जाते.

बांधकाम शिकवणाऱ्याने या घटनेशी थांबायला हवे, कारण भिंत कशी पडते हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत. त्या भिंती रुंद होत्या, पण एकसंध नव्हत्या. आत एक पदर, बाहेर एक पदर आणि मध्ये डबर व माती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड जवळजवळ नव्हतेच. जमीन हलली तशी मधली भर खाली सरकत गेली, दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले आणि फुगून कोसळले. कोपऱ्यांत आडव्या-उभ्या भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नसल्याने त्याही सुट्या झाल्या. भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वरच्या मातीने मोठा घात केला. खांब आणि तुळयांचा सांगाडा जिथे टिकला तिथे भिंती पडूनही माळवद वर राहिल्याची उदाहरणे आहेत. पण खांबांना तिरप्या आधाराची जोड नव्हती आणि ते दगडावर नुसते टेकलेले असत.

यावरचे उपाय मानकांत आहेत, आणि ते विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहेत. त्याच वर्षी निघालेले आयएस १३८२८ हे भारतीय मानक कमी ताकदीच्या विटांच्या आणि दगडी बांधकामासाठी आहे. दगडी भिंतीची जाडी ४५० मिमीपेक्षा जास्त नको. दर ६०० मिमी उंचीला आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या आत एक आरपार दगड हवा. तेवढा लांब दगड न मिळाल्यास वाकवलेली सळई चालते. जोते, लिंटेल आणि छत या पातळ्यांवर घराभोवती अखंड फिरणारा पट्टा हवा. उभ्या घराची दुरुस्ती करायची असेल तर भिंतीतले दगड दोन्ही बाजूंनी न ठोकता हलक्या हाताने काढून आरपार भोक करतात, त्यात आकडे वळवलेली सळई ठेवतात आणि काँक्रीट भरतात. असा एक जोड विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करून घ्यावा. दगड ढिला करताना हाताला जो थरकाप जाणवतो, तो कुठल्याही शीटमध्ये काढता येत नाही.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला आणि ५२ गावे नव्या जागी वसली. २००२ च्या सुधारित मानकात पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. लोकांच्या मनात मात्र एक निवाडा कायमचा झाला : दगड-माती धोक्याची, स्लॅब सुरक्षित. माळवदांच्या जागी स्लॅब आले, ज्यांना तेवढे झेपले नाही त्यांच्याकडे पत्रे आले. दोष जोडणीचा होता, पण शिक्षा दगडाला झाली. वर्गातही हा निवाडा तसाच गिरवला जातो, हे खटकते. कारण जोडणीकडे दुर्लक्ष करून ओतलेला आरसीसी सांगाडाही भूकंपात पडतो.

स्लॅब, रिंग आणि पाणी

याचा पुरावा साइटवर रिंगेत दिसतो. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगेचे टोक १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसवायचे, असे भूकंपात टिकणाऱ्या आरसीसीचे मानक आयएस १३९२० सांगते. ९० अंशांतच सोडलेली टोके बाहेरचे कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, निघाले की उघडतात आणि सळया फाकतात. बारबेंडरला (सळया वाकवणाऱ्याला) ९० अंशांची रिंग सोपी पडते, म्हणून साइटवर तीच जास्त दिसते. भेटीच्या दिवशी विद्यार्थ्यांना स्लॅब ओतताना दाखवण्याची प्रथा आहे. मिक्सरचा आवाज, लिफ्ट, गर्दी. फोटो भरपूर निघतात आणि शिकण्यासारखे सगळे तोवर काँक्रीटखाली गेलेले असते. आदल्या दिवशी जावे. रिंगा, कव्हर ब्लॉक, सेंट्रिंगचे टेकू, जिन्याच्या सळया तेव्हाच उघड्या असतात, आणि मिस्त्रीला बोलायला सवड असते.

काँक्रीटच्या मुरवणीचा, म्हणजे ओतल्यावर ते ओले ठेवून घट्ट होऊ देण्याचा, धडा या प्रदेशात पाण्यापासून सुटा करता येत नाही. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंट किंवा कोरडी उष्ण हवा असेल तर दहा दिवस ओल हवी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, असे सांगणे सोपे असते. ओली पोती, वरून प्लॅस्टिक, लेप देऊन केलेली मुरवणी, कामाचा हंगाम बदलणे, हे पर्याय इथल्या अभ्यासक्रमात तळटीप म्हणून येऊ नयेत.

जुन्या वास्तूंचा उपयोग

सहलीला अजिंठा-वेरूळ ठरलेलेच. बांधकामाच्या दृष्टीने कैलास लेणे हे बांधकामच नाही; राष्ट्रकूट काळात, आठव्या शतकात, कडा वरून खाली कोरत नेऊन ते काढले आहे. पण त्यातले खांब-तुळया बांधलेल्या देवळाची नक्कल करतात. अजिंठ्याच्या चैत्यगृहांत छताला दगडी वासे कोरले आहेत; ते कसलाही भार पेलत नाहीत, लाकडी छताची आठवण जपतात. रचना आणि रचनेचा आभास यांतला फरक विद्यार्थ्याला इथे एका दुपारी कळतो. चुन्याशिवाय दगडात दगड बसवण्याची हेमाडपंती पद्धत औंढा नागनाथला पाहावी, विटांचे प्राचीन काम तेरच्या त्रिविक्रम मंदिरात, आणि काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा करून संगमरवराचा भास कसा साधतात ते बीबी का मकबऱ्यात. वडार आणि पाथरवट समाजांतल्या कारागिरांना दगड कोणत्या अंगाने फुटेल हे पाहताच कळते. त्यांना पाहुणे व्याख्याते म्हणून वर्गात आणण्यापेक्षा मुलांना त्यांच्या कामावर नेलेले बरे.

गुण अजूनही मुख्यतः शीटा, तोंडी परीक्षा आणि लेखी पेपर यांवर मिळतात. हाताने उभारलेल्या नमुन्याला फार तर अंतर्गत गुणांत जागा मिळते, म्हणून सत्र संपता संपता तो थर्माकोलचा होतो. एका सत्राच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी बहुतेक विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत जातात आणि तिथे बहुमजली इमारतींच्या कामाचे नकाशे काढतात. जे लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात राहतात, त्यांच्या वाट्याला बंगले, रो-हाउस आणि काळ्या मातीतले जोते येते; आणि पहिल्या पावसानंतर चीर कुठून निघाली हे पाहायला त्यांनाच बोलावले जाते.