अंगणातलं लग्न: नोंदणी विवाह करायचा की विवाहाची नोंदणी?

हॉल नको, बँड नको. घरच्या अंगणात मांडव, शे-सव्वाशे जवळची माणसं, हार, मंगलाष्टका आणि पंगत. असं सुटसुटीत लग्न ठरलं की कागदपत्रांचा विषय ‘नंतर रजिस्टर करून टाकू’ एवढ्यावर मिटवला जातो. गल्लत इथेच होते, कारण रजिस्टर करण्याचे रस्ते दोन आहेत आणि त्यांतला एक लग्नाच्या महिना-दीड महिना आधीच सुरू होतो.

विशेष विवाह कायदा, 1954 खाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लागतं, तो नोंदणी विवाह. लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण कोर्टाचा त्यात काही संबंध नसतो. विवाहाची नोंदणी म्हणजे आधीच लागलेल्या लग्नाची ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या दप्तरी नोंद. महाराष्ट्रात ती 1998 च्या कायद्याप्रमाणे होते आणि लग्नानंतर 90 दिवसांच्या आत करायची असते; त्यापुढे विलंब शुल्क पडतं.

हिंदू विवाह कायदा, 1955 चं कलम 7 सांगतं की लग्न वधू किंवा वर, कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी लागलं पाहिजे. आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच ते पूर्ण होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात गांधर्व पद्धतीचं लग्न वैध मानलं नाही, कारण होम आणि सप्तपदी झाली नव्हती आणि त्यांच्याशिवाय लग्न लागण्याची रूढीही सिद्ध झाली नाही. एप्रिल 2024 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: विधी झालेलेच नसतील तर नोंदणीच्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह अस्तित्वात येत नाही.

घरगुती लग्नात नेमकी कात्री विधींनाच लागते. धूर नको म्हणून होम वगळतात, उशीर होतो म्हणून सप्तपदी. उरतात हार आणि मंगलाष्टका. ज्या घरात सप्तपदीची रूढी आहे तिथे एवढ्यावर भागवून पुढे नोंदणी केली, तर हातात प्रमाणपत्र येतं, पण वारसा किंवा पोटगीचा वाद उद्भवला की समोरचा वकील पहिला प्रश्न ‘विधी कोणते झाले?’ हाच विचारतो. बौद्ध पद्धतीच्या लग्नात सप्तपदी मुळात नसते. तिथे त्रिशरण-पंचशील आणि त्यांच्या रूढीप्रमाणे बाकीचे विधी नीट पार पडले की झालं. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: विधी करणार असाल तर आपल्या रूढीचे पूर्ण करा आणि नंतर नोंदणी करा. विधी नकोच असतील, किंवा वधूवरांपैकी एक जण हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेबाहेरचा असेल (या कायद्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात), तर नोंदणी विवाह करा आणि अंगणातला सोहळा हवा तसा आखा.

नोंदणी विवाहात सगळी गंमत तारखांची आहे. आधी विवाह अधिकाऱ्याला लग्नाचा इरादा कळवणारी लेखी नोटीस द्यायची. ती जिथे द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी किमान एकाचं नोटिशीआधी सलग 30 दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिली की 30 दिवस आक्षेपांसाठी थांबायचं, आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. मुदत उलटली तर नोटीस नव्याने. 15 डिसेंबरचं लग्न असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नोटीस द्यावी. तीस दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतात आणि काही अडलं तर डिसेंबरअखेरपर्यंत हात मोकळा राहतो. दोन आठवड्यांच्या रजेवर परदेशातून येणाऱ्या मुलाचं गणित बहुतेकदा इथेच फसतं.

अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं का? कायद्याच्या कलम 12 मध्ये कार्यालयापासून वाजवी अंतरावर, जादा शुल्क भरून, अन्य ठिकाणी लग्न लावण्याची तरतूद आहे. मात्र अधिकाऱ्याची वेळ मिळणं हा वेगळा भाग. नोटीस देतानाच लेखी विचारा, कामाचा दिवस धरा, आणि होकार मिळाल्याशिवाय पत्रिकेत वेळ छापू नका. येणार असतील तर मांडवाच्या कडेला नको, घराच्या ओसरीवर टेबल ठेवा. वाऱ्याने कागद उडतात आणि सडा घातलेल्या जमिनीजवळ रजिस्टर ओलं होतं. तीन साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह शेजारीच बसलेले हवेत. मग दोघांनी एकमेकांना, समजेल त्या भाषेत, ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी तुम्हाला माझे कायदेशीर पती म्हणून स्वीकारते’ असं म्हणायचं. हे मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. लग्न त्या शब्दांनी लागतं.

अधिकारी येणार नसतील तर दोन-चार दिवस आधी कार्यालयात लग्न लावून अंगणात समारंभ करावा. फक्त कायदेशीर तारीख कार्यालयातली, हे घरच्यांना सांगून ठेवा. काही जण नंतर अंगणातल्या तारखेचीही पालिकेत नोंदणी करतात. एकाच जोडप्याची दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं झाली की व्हिसाच्या अर्जात खुलासे देत बसावं लागतं.

विधी करून नंतर नोंदणी करणाऱ्यांची अडचण पुराव्याची असते. अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची किंवा भंतेजींची सही आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत लागते. अर्ज आधीच आणून ठेवा आणि पंगतीला बसण्यापूर्वी सही घ्या. पुढे त्यांना गाठण्यात आठवडे जातात. पत्रिका व्हॉट्सॲपवरच पाठवली असेल तरी वीस-पंचवीस प्रती छापून घ्या, अर्जाला जोडायला छापील पत्रिका मागतात. फोटो विधी चालू असतानाचा आणि दोघांचे चेहरे ओळखू येतील असा हवा. गोरज मुहूर्त असेल तर मावळता सूर्य पाठीशी येतो आणि चेहरे काळे पडतात. पाट मांडतानाच छायाचित्रकाराला दिशा दाखवून घ्या. साक्षीदार शक्यतो त्याच गावातले निवडा, कारण नोंदणीच्या दिवशी तिघांना पुन्हा हजर राहावं लागतं. वधूच्या नावाचं स्पेलिंग अर्जात पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर तपासून लिहा.

गोव्यात रीत निराळी आहे. तिथे आधी नागरी निबंधकासमोर लग्नाचा इरादा जाहीर करतात, मुदत गेल्यावर दुसरी सही होते. त्यामुळे साखळी-फोंड्याकडच्या अंगणात लग्न असेल तर महाराष्ट्राचं 90 दिवसांचं गणित तिथे लावू नका. पत्रिका छापण्याआधी तालुक्याच्या निबंधक कार्यालयातून तारखा घ्या.