बालविकास सिद्धांत आणि पाळणाघराचे नियोजन (खानदेश)

मुलाच्या वाढीविषयीच्या मानसशास्त्रीय सिद्धांतांच्या आधारे पाळणाघर, बालवाडी किंवा अंगणवाडी यांची जागा, वेळ, माणसे आणि दिनक्रम ठरवण्याची पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत शेतीचा हंगाम, स्थलांतर आणि घरची बोली लक्षात घेतल्याशिवाय हे नियोजन टिकत नाही.

खानदेशात सर्वांत मोलाचा ठरतो तो ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–९०) यांचा जिव्हाळाबंधाचा सिद्धांत. सांभाळणाऱ्या ठरावीक माणसांशी तान्ह्या मुलाचे घट्ट नाते जुळते आणि त्या आधारावरच ते आजूबाजूचे जग धुंडाळायला धजावते. साधारण आठव्या महिन्यापासून मूल अनोळखी माणसाला बुजू लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी जोर धरते तेव्हा आईला रोज शेतात जावेच लागते. त्याच आठवड्यात मुलाला प्रथमच पाळणाघरात सोडले, तर ते रडून हैराण होते. म्हणून प्रवेश पोळ्याच्या आसपास द्यावा. पहिले काही दिवस आईने सोबत बसावे, मग थोडा थोडा वेळ दूर जावे. मुलाला आजी, आत्या किंवा मोठ्या बहिणीची जास्त सवय असेल, तर सोबतीला तिलाच बोलवावे.

२००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळायला एक मजूर स्त्री नेमण्याची तरतूद करण्यात आली. ती स्त्री रोज बदलली तर मुलांना देखरेख मिळते, आधार मिळत नाही. सातपुड्यातील अक्कलकुवा, धडगाव भागातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला गावी परततात. परतलेल्या मुलाला दारात तीच ओळखीची ताई दिसायला हवी. सेविकांच्या नेमणुका आणि रजा ठरवताना हे आधी पाहावे.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांच्या मांडणीत दोन ते सात वर्षांचे मूल क्रियापूर्व, म्हणजे तर्काने विचार करू लागण्याआधीच्या अवस्थेत असते. उंच पेल्यातले दूध त्याला बसक्या वाटीतल्या तेवढ्याच दुधापेक्षा जास्त वाटते. म्हणून खिचडी वाढायला सगळ्या वाट्या एकसारख्या घ्याव्यात. ‘तुला तेवढंच दिलंय’ असे कितीही समजावले तरी त्याला ते पटत नाही, आणि हा त्याचा हट्टीपणा नव्हे. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांच्या मते दीड ते तीन वर्षे हा स्वायत्ततेचा काळ. मुलाला आपल्या हाताने जेवायचे असते. सांडलवंड धरून जेवणाला वेळ ठेवावा, घाईने भरवू नये.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी शिकण्यात भाषेला आणि जाणत्या सोबत्याला मध्यवर्ती स्थान दिले. ‘माले पानी दे’ म्हणणाऱ्या मुलाचे वाक्य दर वेळी सुधारले तर ते पाणी मागणेच सोडते. अहिराणी, पावरी, भिली या बोली सेविकेला समजल्या पाहिजेत. प्रमाण मराठी गाण्या-गोष्टींतून सावकाश येते. मुलाच्या परिसरातील साधने वापरण्याचा आग्रह बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथील कामात धरला होता. कपाशीची बोंडे, ज्वारीची धाटे आणि भुलाबाईची गाणी इथे आयतीच मिळतात. गाणी शिकवायला पाच वर्षांच्या मुली पुरेशा असतात, म्हणून दिवसाचा काही वेळ लहानमोठ्यांना एकत्र बसवावे.

उन्हाळ्यात जळगाव भागात पारा ४४–४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत धावपळीचे खेळ सकाळीच उरकून दुपार झोपेसाठी राखावी लागते.